दिल्लीच्या दारात आपले गाऱ्हाणे कोण मांडतो?

— ऊस विकास अधिकारी, शेतकी विभाग



उसाचा भाव शेतात ठरत नाही, ही गोष्ट आता शाळेतल्या पोरालाही ठाऊक आहे. बेणे कोणते घ्यावे, सरी किती फुटांची सोडावी, खोडव्याचे पाचट जाळावे की कुजवावे, हे आपण ठरवतो. एकरी किती टन काढायचे हेही बऱ्याच अंशी आपल्या हातात असते. परंतु त्या टनाचे पैसे किती यायचे, कधी यायचे, साखर परदेशी जायची की गोदामात पडून राहायची, रसाचे इथेनॉल करायचे की नाही, हे सगळे कागदावर ठरते आणि तो कागद मुंबईत नाहीतर दिल्लीत तयार होतो. गटाच्या मेळाव्यात आम्ही लागवडीचे सांगायला उभे राहिलो, की मागच्या रांगेतून हमखास कोणीतरी विचारतो, "साहेब, ते ठिबकचं राहू द्या, वरती आपल्या बाजूनं कोण बोलतंय का?" प्रश्न रास्त आहे. म्हणून या अंकात खता-पाण्याचे बाजूला ठेवून त्याविषयीच चार शब्द लिहीत आहोत.

मागितल्याशिवाय मिळत नाही

सरकारचे धोरण आपल्याला अनुकूल व्हावे म्हणून उद्योगधंद्यांच्या संघटना मंत्री, आमदार, खासदार आणि अधिकारी यांच्याकडे जो पाठपुरावा करतात, त्याला वर्तमानपत्रांत 'लॉबी' म्हणतात. शब्द ऐकला की काहीतरी काळेबेरे असावे असे वाटते. लॉबी म्हणजे खरे तर सभागृहाबाहेरची ओसरी. ओसरीवर उभे राहून आत जाणाऱ्याला आपले म्हणणे सांगायचे, एवढाच त्याचा मूळ अर्थ. रडल्याशिवाय आईसुद्धा दूध पाजत नाही, मग सरकार कुठून देणार? तेव्हा मागण्यात पाप नाही. कोण मागतो, कोणाच्या नावाने मागतो आणि मिळालेले कोणाच्या पदरात पडते, हे मात्र पाहिले पाहिजे.

आपल्या साखर धंद्याचा पायाच मुळी अशा मागणीवर उभा आहे. जावा बेटाची स्वस्त साखर येऊन येथला धंदा बसत होता. टॅरिफ बोर्डाच्या चौकशीनंतर १९३२ साली साखर धंद्याला संरक्षण देणारा कायदा झाला, बाहेरच्या साखरेवर जबर जकात बसली, आणि देशात जेमतेम तीस-बत्तीस कारखाने होते ते चार-पाच वर्षांत शंभराच्या वर गेले. त्याच १९३२ साली खासगी कारखानदारांची 'इस्मा' ही संघटना निघाली. ती आजही दिल्लीत आहे, आणि इथेनॉलचे दिवस आल्यावर तिने आपल्या नावात 'जैवऊर्जा' हा शब्दही घेतला आहे. वारा कुठून वाहतो ते यांना आधी कळते!

यात एक गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. कारखान्याला संरक्षण १९३२ साली मिळाले. उसाचा किमान दर ठरवण्याचा अधिकार प्रांतांना देणारा कायदा आला १९३४ साली. म्हणजे गिरणी पहिल्या पंगतीला आणि ऊसवाला दुसऱ्या पंगतीला. याचे कारण सरळ आहे. गिरण्या मोजक्या होत्या, त्या एका खोलीत बसू शकत होत्या. शेतकरी लाखांनी होते आणि गावोगाव विखुरलेले होते. आपल्या वाडवडिलांनी १९५० साली प्रवरेला शेतकऱ्यांचा स्वतःचा कारखाना उभा करून दाखवला, तो हे अंतर मिटवण्यासाठीच. गिरणी शेतकऱ्याची झाली म्हणजे गिरणीचे गाऱ्हाणे तेच शेतकऱ्याचे गाऱ्हाणे, अशी ती कल्पना होती. पुढे १९६० साली सहकारी कारखान्यांचा राष्ट्रीय महासंघ दिल्लीत निघाला आणि आपल्यालाही ओसरीवर उभे राहायला माणूस मिळाला.

बारदानाचा धडा

ही मागणी-मागणीची ओढाताण कशी चालते याचा नमुना पाहायचा असेल तर दिल्लीला जायला नको, आपल्या गोदामात जावे. तेथे काही साखर तागाच्या पोत्यात भरलेली दिसेल. प्लॅस्टिकचे पोते त्याहून स्वस्त पडत असताना तागाचे का? कारण १९८७ साली संसदेने ताग वेष्टन सक्तीचा कायदा केला. त्याखाली ठरावीक माल तागातच भरावा लागतो. अलीकडच्या वर्षांत ही सक्ती धान्याला शंभर टक्के आणि साखरेला वीस टक्के अशी आहे. साखर कारखान्यांच्या संघटना ही सक्ती उठवा म्हणून वर्षानुवर्षे अर्ज करतात, आणि वर्षानुवर्षे मुदत वाढत जाते.

म्हणजे बंगालच्या ताग गिरण्यांची वकिली आपल्या वकिलीहून भारी ठरली आणि त्याचे पैसे कारखान्याच्या बारदान खात्यातून, पर्यायाने तुमच्या-आमच्या उसातून जातात. आता यात बंगाल-बिहारच्या ताग पिकवणाऱ्या शेतकऱ्यावर राग धरायचे कारण नाही. तोही आपल्यासारखाच गडी. पण बघा, ताग गिरणी सरकारकडे जाते तेव्हा 'ताग उत्पादक शेतकरी मरेल' असे म्हणते. साखर कारखाना जातो तेव्हा 'ऊस उत्पादक मरेल' असे म्हणतो. बिस्किटे आणि थंड पेये करणारे मोठे कारखानदार स्वस्त साखर मागतात, तेव्हा गरीब ग्राहकाला पुढे करतात. पुढे गरीब, मागे गिरणी. गरिबाला मात्र आपले नाव कुठे कुठे वापरले गेले याचा पत्ता नसतो.

दार ठोठावून काय मिळाले

संघटितपणे मागितल्याने आपल्या पदरात काहीच पडले नाही, असे म्हणणे कृतघ्नपणाचे होईल. दोन ठळक उदाहरणे देतो.

पहिले आयकराचे. सहकारी कारखान्याने किमान दरापेक्षा जास्त भाव सभासदाला दिला, तर तो जादा भाव म्हणजे नफ्याची वाटणी, असे आयकर खात्याचे म्हणणे. त्यावर कर आकारणी निघे, नोटिसा येत, अपिले चालत. उसाला चांगला भाव देणे हा जणू गुन्हा! वर्षानुवर्षे निवेदने गेली, शिष्टमंडळे गेली. २०१५ च्या वित्त कायद्याने सरकारने मान्य केलेला दर हा खर्च म्हणून धरायची तरतूद झाली, पण ती २०१६-१७ या आकारणी वर्षापासून पुढे. मागची थकबाकी मानेवर होतीच. शेवटी २०२३ च्या अर्थसंकल्पात मागच्या वर्षांनाही तीच सवलत मिळाली. सहकारी कारखान्यांना त्यामुळे सुमारे दहा हजार कोटी रुपयांचा दिलासा मिळेल, असे अर्थमंत्र्यांनी लोकसभेत सांगितले. ते पैसे कर म्हणून गेले असते तर कोणाच्या खिशातून गेले असते, हे सांगायला नको.

दुसरे उदाहरण इथेनॉलचे. सरकारनेच सांगितले म्हणून कारखान्यांनी कर्जे काढून आसवन्या वाढवल्या. आणि ७ डिसेंबर २०२३ रोजी, ऐन गाळपात, उसाचा रस व पाक इथेनॉलला वापरायला केंद्राने बंदी घातली. साखर कमी पडून महाग होईल ही सरकारला भीती होती. एकच ओरड झाली. आठ दिवसांत, १५ डिसेंबरला, सुधारित आदेश निघाला आणि सतरा लाख टन साखरेइतका माल इथेनॉलकडे वळवायची मुभा मिळाली. बंदी पुरती उठायला मात्र ऑगस्ट २०२४ उजाडला. कर्जाचा हप्ता बंदी घालून थांबत नाही. तेव्हा या ठिकाणी कारखान्याने दार ठोठावले ते बरोबरच होते आणि ते आपल्या सर्वांच्या वतीने होते.

साखरेच्या किमान विक्री दराचेही तसेच. तो जून २०१८ मध्ये किलोला २९ रुपये ठरला, फेब्रुवारी २०१९ मध्ये ३१ झाला आणि सहा वर्षे उलटली तरी हलला नाही. तेवढ्या काळात एफआरपी टनाला २,७५० वरून २०२५-२६ च्या हंगामासाठी ३,५५० पर्यंत आली. मधल्या काळात पायाभूत उतारा १० वरून १०.२५ टक्के झाला हे खरे, तरी वाढ ती वाढच. उसाचा दर कायद्याने चढता आणि साखरेचा किमान दर तिथल्या तिथे, मग मधला कारखाना चेपणारच. किमान दर वाढवा या मागणीला आमचा मनापासून पाठिंबा आहे.

जेथे वाट फुटते

इथपर्यंत कारखाना आणि सभासद एकाच गाडीत बसलेले आहेत. पण काही वळणांवर वाट फुटते, आणि त्याविषयी आपल्या पत्रकांतून फारसे छापून येत नाही. म्हणून स्पष्ट लिहितो.

१९६६ चा ऊस नियंत्रण आदेश सांगतो, की ऊस पोचल्यापासून चौदा दिवसांत त्याचे पैसे द्यावेत, न दिल्यास वर्षाला पंधरा टक्के व्याज द्यावे. कारखान्यांच्या संघटना बरीच वर्षे मागत होत्या, की एकदम देणे जमत नाही, टप्प्याटप्प्याने द्यायची मुभा असावी. राज्य सरकारने २१ फेब्रुवारी २०२२ रोजी तसा निर्णय काढला. पुणे व नाशिक विभागात दहा टक्के उतारा धरून आणि इतर विभागांत साडेनऊ टक्के धरून पहिला हप्ता द्यायचा, आणि उरलेला हंगाम संपल्यावर खरा उतारा व तोडणी-वाहतूक खर्च पाहून द्यायचा, असे ठरले.

याचा अर्थ आकड्यांत पाहू. २०२२-२३ मध्ये सव्वादहा टक्के उताऱ्याला क्विंटलला ३०५ रुपये दर होता आणि पुढच्या प्रत्येक दशांश टक्क्याला ३ रुपये ५ पैसे. बारा टक्के उताऱ्याचा कारखाना धरला तर टनाला ३,५८३ रुपये ७५ पैसे होतात. दहा टक्क्यांवर हिशेब केला तर २,९७३ रुपये ७५ पैसे. तोडणी-वाहतूक दोन्हीकडून सारखीच वजा जाते, म्हणजे फरक टनाला ६१० रुपयांचा. पन्नास टन ऊस घालणाऱ्या सभासदाचे ३०,५०० रुपये हंगाम संपेपर्यंत अडकले. पाच महिने अडकले असे धरले तर पंधरा टक्क्यांनी त्याचे व्याज सुमारे १,९०० रुपये. जमीन आपली कसदार, उतारा आपला चांगला, आणि जितका उतारा चांगला तितके पैसे जास्त अडकणार! आम्ही बांधाबांधावर फिरून 'उतारा वाढवा, लवकर पक्व होणारी जात लावा' असे सांगत होतो, त्याला हे बक्षीस.

कारखान्याची अडचण खोटी नाही. साखर महिन्याच्या कोट्यानेच विकता येते, बँक पोत्यावर मूल्यांकन करून उचल देते आणि त्या उचलीला व्याज पडते. चौदा दिवसांत सगळे पैसे उभे करताना चेअरमनपासून हिशेबनिसापर्यंत सगळ्यांची झोप उडते, हे आम्ही दर हंगामात पाहतो. पण सोसायटीचे कर्ज सभासदाच्याही नावावर असते, खताच्या दुकानदाराची वही त्याच्याही नावाने उघडी असते. कारखान्याची अडचण सोडवायची होती तर बँकेच्या व्याजाबद्दल, कोट्याबद्दल, किमान दराबद्दल सरकारशी भांडायला हवे होते. त्याऐवजी ती सभासदाच्या खांद्यावर टाकायची परवानगी मागितली गेली. हे बरोबर झाले नाही, असे आमचे मत आहे.

या निर्णयाविरुद्ध राजू शेट्टी उच्च न्यायालयात गेले आणि मार्च २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो रद्द केला. केंद्राच्या आदेशात चौदा दिवस लिहिले असताना राज्याला त्यात असा फेरफार करता येत नाही. आता एक साधा प्रश्न. शेतकऱ्यांच्या मालकीच्या कारखान्यांच्या नावाने जी सवलत मागितली गेली, ती शेतकऱ्यालाच कोर्टात जाऊन रद्द करून घ्यावी लागते, तर मागण्यापूर्वी मालकाला विचारले होते का?

उत्तर प्रदेशातही असेच एकदा घडले. तेथे राज्य सरकार उसाचा आपला वेगळा, केंद्राहून चढा दर जाहीर करते. ऑक्टोबर २००९ मध्ये केंद्राने वटहुकूम व आदेश काढून एफआरपी आणली, आणि तिच्याबरोबर एक कलम घातले, की राज्याने याहून जास्त दर जाहीर केला तर फरक राज्याने भरावा, कारखान्यावर तो बंधनकारक नाही. या कलमाने कारखान्यांचे ओझे हलके होणार होते. नोव्हेंबरात हजारो शेतकरी ऊस हातात घेऊन दिल्लीत उतरले, संसदेचे कामकाज बंद पडले आणि सरकारला ते कलम मागे घ्यावे लागले. ज्याला ओसरीवर जागा मिळत नाही, त्याला रस्त्यावर यावे लागते. ते प्रत्येक वेळी परवडत नाही, आणि भर गाळपात तर मुळीच नाही.

झाकली मूठ

अमेरिकेत १९९५ साली एक कायदा झाला. सरकारदरबारी कोणत्या विषयासाठी आणि किती खर्च करून पाठपुरावा केला, हे तेथे कंपन्यांना लिहून जाहीर करावे लागते. २०१२ च्या डिसेंबरात त्या कागदांतूनच उघड झाले, की वॉलमार्ट कंपनीने २००८ पासून तेथल्या सरकारदरबारी अडीच कोटी डॉलरच्या आसपास खर्च केला, आणि त्या विषयांत भारताची बाजारपेठ खुली होणे हाही एक विषय होता. आपल्याकडे किरकोळ व्यापारात परदेशी भांडवल आणण्यावरून लोकसभेत तेव्हा मोठा वाद चालला होता. म्हणजे आपल्या दाराची कडी कोण काढू पाहतो, हे आपल्याला दुसऱ्या देशाच्या कायद्यामुळे कळले! २०१३ साली कालिकेश सिंहदेव या खासदारांनी तसाच कायदा भारतात व्हावा म्हणून लोकसभेत खासगी विधेयक आणले. ते काही कायद्यापर्यंत पोचले नाही.

आपल्या राज्यात तर आणखी एक गुंता आहे. कारखान्याच्या संचालक मंडळातला माणूसच पुष्कळदा आमदार, खासदार, मंत्री असतो. मागणारा आणि देणारा एकाच पंगतीला. त्याने कामे झटपट होतात, हा फायदा आम्ही स्वतः पाहिला आहे. पण निवेदन लेखी होत नाही, चर्चेची नोंद राहत नाही, आणि नेमके काय मागितले ते सभासदाला सरकारी निर्णय निघाल्यावर पेपरात वाचावे लागते, हा तोटाही तेवढाच खरा आहे.

आपण काय करावे

देशाचा कायदा होईल तेव्हा होईल. आपला कारखाना आपल्या मालकीचा आहे. येथे कायद्याची वाट पाहायचे कारण नाही. आमच्या सूचना अशा :

१. कारखान्याच्या वा संघाच्या नावाने सरकारकडे जे निवेदन जाईल, त्याचा मराठी गोषवारा या पत्रकात छापला जावा. संघाची वर्गणी उसातूनच जाते, तेव्हा निवेदन वाचण्याचा हक्क सभासदाला आहे.

२. वार्षिक सर्वसाधारण सभेच्या अहवालात एक पान असावे. वर्षभरात सरकारकडे काय मागितले, काय मिळाले, काय नाकारले गेले आणि त्यापायी किती खर्च झाला, एवढेच त्यावर असावे. ताळेबंदाला हात वर करण्यापूर्वी सभासदांनी ते पान विचारावे.

३. उसाचे पैसे कधी, किती आणि कशा हप्त्यांनी द्यायचे, याला हात घालणारी कोणतीही मागणी गटवार सभांत ठराव झाल्याशिवाय पाठवू नये. इतर मागण्या संचालकांनी खुशाल कराव्यात, आम्ही त्यांच्या मागे उभे राहू.

४. कृषी मूल्य आयोग दर वर्षी एफआरपीची शिफारस करण्यापूर्वी कारखानदार आणि शेतकरी दोघांचे म्हणणे ऐकतो. कारखानदार तेथे छापील आकडे घेऊन जातात. आपण 'परवडत नाही साहेब' एवढेच घेऊन जातो. ते पुरत नाही. आमच्या शेतकी विभागाने हे काम अंगावर घ्यायचे ठरवले आहे. प्रत्येक गटात वीस सभासदांनी नांगरटीपासून तोडणीपर्यंतचा खर्च वहीत लिहावा. बेणे, खत, वीज, मजुरी, घरच्या माणसांची राबणूक, सगळे. लागणीची वही वेगळी, खोडव्याची वेगळी. वह्या गट ऑफिसात मिळतील, बेरजा आम्ही करून देऊ.

काही जण म्हणतील, की असे सगळे उघड्यावर मांडले तर समोरच्यांना आपला डाव कळेल. आम्हाला तसे वाटत नाही. समोरचे लोक आपले निवेदन आपल्याआधी वाचतात. न वाचणारा एकटा सभासदच असतो. आणखी काही म्हणतील, कारखान्याच्या नोकराने कारखान्याच्याच पत्रकात हे कशाला लिहावे? आमचे उत्तर असे, की आमच्या पगाराचे पैसे ज्या गव्हाणीतून येतात, तिच्यात ऊस तुमचा पडतो. साखर संघ दिल्लीत 'आम्ही शेतकऱ्यांच्या वतीने बोलतो' म्हणतो, तेव्हा त्या वाक्याला वजन यायचे असेल तर मागे वीस-पंचवीस हजार सभासदांचा वाचून-समजून केलेला ठराव हवा. नुसत्या लेटरहेडवरच्या सहीला ते वजन येत नाही. तागवाल्यांनी आपल्याला हेच शिकवले आहे.

सर्वसाधारण सभेची नोटीस लवकरच घरपोच येईल. चहा-फरसाणासाठी सगळेच येतात. यंदा येताना वर दिलेल्या चारपैकी निदान एक तरी सूचना लेखी विषय म्हणून मुदतीत कार्यालयात द्यावी. नमुना अर्ज प्रत्येक गट ऑफिसात ठेवला आहे, आणि खर्चाच्या वहीसाठी नाव नोंदवायचे तेही तेथेच.